कालवडीच्या कपाळावरची हळद

नियमांची पुस्तिका आसावरीने आधी ओट्याशी उभ्याने वाचली, मग खुर्चीत बसून वाचली, तरी तिला हवं ते पान काही सापडेना. बाकी सगळं होतं. जनावराची वंशावळ नोंदलेली हवी. दोन्ही कानांत बिल्ले हवेत. वळू मोठा असेल तर नाकात कडी हवी. धरणाऱ्याने पांढरा कोट घालायचा. केस धुवा, विंचरा, कातरा; पण अंगाचा मूळ रंग बदलेल असं काहीही लावायचं नाही. हे शेवटचं तिने वाचलं आणि आपला काय संबंध म्हणून पान उलटलं. तिला हवे होते गुण. पायांना किती, पाठीला किती, चालीला किती.

“तनया, मार्किंग स्कीम कुठेय?”

“नाहीये, आई.”

“नाहीये म्हणजे काय?”

“म्हणजे जज बघतो आणि लाइन लावतो. फर्स्ट, सेकंड, थर्ड. दॅट्स इट.”

“आणि पटलं नाही तर? रिचेकिंग?”

तनयाला हसू आवरेना. “लास्ट पेज बघ. जजचं डिसिजन फायनल.”

आसावरीने पुस्तिका मिटली. पुण्यात केमिस्ट्री घेऊन बीएस्सी झालेली, इथे मेडनहेडच्या एका शाळेच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून बाटल्यांवर लेबलं लावत आयुष्य काढलेली बाई ती. मापाशिवाय तिला कशावरच भरवसा ठेवता येत नसे. आणि मुलीचं पुढचं वर्ष कशावर अवलंबून होतं, तर एका अनोळखी माणसाच्या नुसत्या नजरेवर. वर ही अटही तिनेच घातलेली.

झालं होतं असं. तनया मेडिकलच्या दुसऱ्या वर्षानंतर घरी आली आणि म्हणाली, मला परत जायचं नाही. रडली नाही, भांडली नाही. सुट्टीत ती गावाबाहेरच्या एका शेतावर हातभार लावायला जायची, तिथेच आता पूर्णवेळ राहणार म्हणाली. शेत ग्वेन प्रॉसर नावाच्या बाईचं. सत्तरीची, एकटी, दोन्ही गुडघे गेलेली. तिच्याकडे हेरफर्ड जातीची गुरं होती. तांबूस अंग, पांढरंशुभ्र तोंड, आखूड पाय, शांत डोळे. दिसायला देवघरातल्या चित्रासारखी. पण दुधासाठी नव्हेत. मांसासाठी.

तनयाचा बाप श्रीनिवास भूल देणारा डॉक्टर. त्याने हे ऐकून चष्मा काढून पुसला, परत घातला आणि बायकोकडे पाहिलं. “तू बोल.”

आसावरी बोलली. पुष्कळ बोलली. “अगं, तू स्वतः अंडंसुद्धा खात नाहीस! आणि बीफची गुरं वाढवणार?”

“मी खात नाही, पण ती आहेतच ना, आई. कुणीतरी त्यांचं नीट करायला पाहिजे. मी नीट करते.”

“माणसांचं नीट कर की मग! तिथेही डॉक्टर कमी पडतायत.”

“माणसांच्या वॉर्डात मला रोज वाटायचं की पळून जावं. इथे नाही वाटत.”

यावर आसावरीने अट घातली. कॉलेजने तनयाची जागा सप्टेंबरपर्यंत राखून ठेवली होती. ग्वेनने तनयाला पगाराबरोबर एक कालवड दिली होती, प्लम नावाची, आणि ती उन्हाळ्यात काउंटी शोमध्ये उतरवायची असं दोघींचं चाललं होतं. “पहिल्या तिघांत आलीस तर आणखी एक वर्ष,” आसावरी म्हणाली. “नाही आलीस तर सप्टेंबरात कॉलेज.” आमच्या वेळी बोर्डात पहिले तिघे आले की पेपरात फोटो यायचा, घरचे पेढे वाटायचे, चौथ्याला कोण विचारतं? तनयाने क्षणभर विचार केला आणि हात पुढे केला. “डील.”

ग्वेनला हे कळलं तेव्हा तिने नुसती भुवई उडवली. “बाई गं, आज एक जज पहिली लावेल ती उद्या दुसरा पाचवी लावेल. एका माणसाचं एका दिवसाचं मत असतं ते.” हे ऐकल्यापासून आसावरीची झोप उडाली. अट मागे घ्यावी, तर आईने शब्द फिरवला असं होणार. ठेवावी, तर नाणं उडवून मुलीचं आयुष्य ठरवल्यासारखं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे आपल्याला नक्की काय व्हायला हवंय, तेच तिला सांगता येत नव्हतं.

पुण्याला सासूबाईंना, म्हणजे लीलावतीबाईंना, एवढंच ठाऊक होतं की नात गाईंची सेवा करते आणि त्यातली एक प्रदर्शनात नेणार आहे. त्यांचा ऊर भरून आला होता. सोसायटीत सांगून झालं होतं.

“दूध किती देते गं ती?” त्यांनी व्हिडिओ कॉलवर विचारलं होतं.

“कालवड आहे हो अजून,” आसावरी म्हणाली. खोटं नव्हतं ते. पुढचं कुणी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही.

“मग पहिल्यांदाच चारचौघांत निघणार म्हण की! हळदकुंकू लावल्याशिवाय पाठवू नकोस हो. दृष्ट लागते. मुक्या जनावराला सांगता येतं का?”

“हो, लावते,” आसावरी म्हणाली. फोनवर हो म्हणायला काय जातं? पण मनात ते रुतलं. श्रीनिवासची त्या दिवशी ड्यूटी होती, घरून येणारी ती एकटीच. निघताना तिने देव्हाऱ्यातली कोयरी रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकली.

शोचं मैदान म्हणजे जत्राच. तंबू, चिखल, बर्गरच्या गाड्या, गळ्यात टाय बांधलेले शेतकरी. बर्गरच्या पाट्यांशी आणि गोठ्यात न्हाऊनमाखून उभ्या असलेल्या गुरांशी एकाच वेळी नजर भिडवणं आसावरीला जमेना, म्हणून ती मान खाली घालून तनयाच्या मागे चालत राहिली. लांबलचक तंबूत पेंढ्यावर जनावरं ओळीने बांधलेली. कुणी त्यांचे केस ड्रायरने फुलवतंय, कुणी शेपटीचा गोंडा विंचरतंय. लग्नघरात नवरीच्या खोलीत असते तशी गडबड, फक्त वास वेगळा.

प्लम नुकतीच धुतलेली होती. कपाळावरचे कुरळे पांढरे केस अजून ओलसर होते. आसावरी तिला मनातल्या मनात कपिला म्हणत असे.

“आई, मी नंबर आणि कोट घेऊन येते. ग्वेन चेक-इनला गेलीय. तू फक्त हिच्याजवळ थांब. काही करू नकोस, ओके? फक्त थांब.”

“मी काय करणारे?”

तनया गेली. आसावरी थांबली. पण नुसतं थांबणं या बाईला जन्मात जमलं नव्हतं. शेजारच्या खणातली कालवड केवढी दांडगी होती! तिचा मालक शीळ घालत तिच्या पाठीवर हात फिरवत होता. येणारे-जाणारे थांबून प्लमकडे बघत होते, काहीतरी पुटपुटत होते. कुणाची नजर कशी असेल, कुणी सांगावं? आसावरीच्या हाताला चाळा लागला. तिने कोयरी काढली. हळदीत बोट बुडवलं, पाण्याच्या बाटलीचं झाकण घेतलं, थेंबभर पाण्यात कालवली आणि त्या पांढऱ्या कपाळावर दोन डोळ्यांच्या मधोमध नीट बोट ओढलं. वर कुंकू. प्लमने डोळे मिटून घेतले. किती शहाणी! तिने फोटो काढून सासूबाईंना पाठवला सुद्धा. “वा! साक्षात गोमाता,” असं उत्तर आलं.

तनया परत आली ती कोटाची बटणं लावत. तिने वर पाहिलं आणि तिचे हात थांबले.

“आई. हे काय आहे?”

“काही नाही गं, आजींनी सांगितलं होतं, जरासं...”

“रंग लावायचा नाही! बुकात आहे! तू वाचलंस, आई, तू दोनदा वाचलंस!”

वाचलं होतं. पान डोळ्यांसमोर उभं राहिलं. पण रंग म्हणजे रंग. केसांना लावतात तो, फसवायला लावतात तो. हळदकुंकू हा रंग आहे, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. एवढ्या वर्षांत कधीच नाही.

तनयाने बादली ओढली, स्पंज साबणाच्या पाण्यात बुडवला.

“साबण नको!” आसावरी ओरडली. “तनया, साबण...”

उशीर झाला होता. साबण लागला मात्र, पिवळं होतं ते लाल झालं. पसरलं, खाली नाकाकडे ओघळलं. बोटभर टिळ्याचा तळहाताएवढा डाग झाला. शाळेत दर वर्षी सातवीच्या पोरांना आसावरी हाच प्रयोग मांडून द्यायची: हळदीचा कागद, त्यावर साबणाचं पाणी, आणि पोरांचं “वॉव”. इथे वॉव म्हणायला कोणी नव्हतं. शेजारचा मालक शीळ घालायचा थांबला होता.

तनयाने स्पंज बादलीत टाकला. तिचा आवाज एकदम शांत झाला, आणि तेच आसावरीला जास्त लागलं.

“तू मुद्दाम केलंस का?”

“काय?”

“तुला मी हरायला पाहिजे. सप्टेंबर पाहिजे. मुद्दाम केलंस का, सांग.”

“वेडी आहेस का तू? मी आई आहे तुझी!”

“ते उत्तर नाहीये.”

खरंच नव्हतं. मुद्दाम नव्हतं केलं, देवाशप्पथ. पण गेले कित्येक महिने ती रोज सकाळी देवापुढे हात जोडत होती, तेव्हा नेमकं काय मागत होती? पोरीला यश दे, की पोरीला परत दे? दोन्ही एका श्वासात मागितलं असेल, तर देवाने तरी काय समजायचं?

हे सगळं नंतर. आधी डाग. “स्पिरिट आहे?” तिने विचारलं. “इंजेक्शनच्या आधी लावतात ते?”

“केस कातरायचं क्लिपर पुसायला आहे. का?”

“हळद पाण्यात जात नाही, स्पिरिटमध्ये विरघळते. कापूस दे. डोळ्यांत जाऊ देऊ नकोस, तू डोकं धर.”

मायलेकी कामाला लागल्या. तनयाने प्लमची मान काखेत धरली आणि आसावरी कापसाचे बोळे बुडवून, पिळून, वरून खाली टिपत गेली. बोळे लालपिवळे होऊन पेंढ्यात पडत राहिले. प्लम मात्र दोघींच्या मधे निवांत रवंथ करत होती. तिला यातलं काहीच टोचत नव्हतं. बरंच गेलं. पण सगळं नाही. केसांच्या मुळाशी फिकट गाजरी छटा राहिलीच.

ग्वेन काठी टेकत आली, वाकून बघितलं, आणि काय झालं ते ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाली, “स्टुअर्डला सांग.”

“सांगायलाच हवं का?” आसावरी पुढे झाली. “लांबून दिसत नाही. कोण एवढं जवळून बघणारे?”

“जज,” ग्वेन म्हणाली. “त्याचं कामच आहे ते.”

“पण काढून टाकलं तर?”

तनया आधीच निघाली होती. आसावरी तिच्यामागे चिखलातून धावली. रिंगणाच्या दाराशी बोलर हॅट घातलेला एक लांबोडका गृहस्थ वर्गांची यादी घेऊन उभा होता. तोच स्टुअर्ड, कोण रिंगणात जाणार ते बघणारा. तनयाने सरळ सांगितलं. कपाळावर रंग आहे, पुसलाय, पूर्ण निघाला नाही.

“कशासाठी लावला होता?”

“मी लावला,” आसावरी मधे पडली. “तिचा काही दोष नाही. आमच्याकडे जनावर पहिल्यांदा बाहेर निघालं की लावतात. शुभ म्हणून. नजर लागू नये म्हणून.”

स्टुअर्ड त्यांच्याबरोबर प्लमच्या खणापर्यंत आला. प्लमच्या कपाळाकडे त्याने एका बाजूने पाहिलं, दुसऱ्या बाजूने पाहिलं.

“नियम आहे तो खोड झाकणाऱ्यांसाठी,” तो शेवटी म्हणाला. “आणि मॅडम, रागावू नका, पण याने जनावराचं रूप काही खुललंय असं मला दिसत नाही. जाऊ दे तिला आत. मी जजच्या कानावर घालतो. पुढे त्याची मर्जी.”

पुढे त्याची मर्जी. रिंगणाच्या कठड्याला धरून उभी असताना आसावरी हेच तीन शब्द चघळत होती. कालवडी एकामागून एक आत गेल्या. पांढऱ्या कोटातली तनया लहानपणी गॅदरिंगला डॉक्टर झाली होती तशी दिसत होती. आणि किती वेगळी! घरी चहाचा कप विसळताना सुद्धा फोनमध्ये बघणारी ही पोर, इथे तिची नजर जजवरून हलत नव्हती. एका हातात दावं, दुसऱ्या हातात लांब काठी. प्लमचा मागचा पाय जरा चुकला की काठीचं टोक हलकेच टेकवून नीट करायची. प्लम चालली की तीही तिच्याच पावलाने चाले.

“हिला हे कोणी शिकवलं?” आसावरीने विचारलं.

“मी दावं धरायला शिकवलं,” ग्वेन म्हणाली. “बाकीचं येतं किंवा येत नाही.”

जज स्कॉटलंडहून आलेला, बुटका, लालबुंद गालांचा. प्रत्येक कालवडीला बाजूने बघायचा, मागे जाऊन बघायचा, मग पाठीवर, कमरेवर पंजा दाबून बघायचा. जणू बाजारात कलिंगड घेतोय. प्लमपाशी आला. पाठ दाबली. मग पुढे जाऊन तिच्या कपाळावर अंगठा ठेवला, आणि तनयाला काहीतरी विचारलं. तनयाने उत्तर दिलं. आसावरीला एक अक्षर ऐकू आलं नाही. तिने कठडा असा धरला की ग्वेनने तिच्या हातावर हात ठेवला.

मग त्याने ओळ लावायला सुरुवात केली. शेजारच्या खणातली दांडगी पहिली. एक गडद तांबडी दुसरी. आणि तिसरी, प्लम! आसावरीच्या तोंडून “बाई गं!” निघालं. जवळच्या म्हाताऱ्याने दचकून पाहिलं. तिसरी! पेढे! आणि लगेच मनात आलं: म्हणजे सप्टेंबर गेला. पण ते मनात येतंय तोवर जज ओळीसमोरून पुन्हा चालत गेला, चौथ्या कालवडीच्या कमरेवर हात दाबला, प्लमच्या कमरेवर दाबला, थांबला. आणि बोटाने खूण करून दोघींची अदलाबदल केली.

“अरे!” आसावरी ओरडली. “आंधळा आहे का हा मेला?”

मराठीत ओरडली, म्हणून बरं.

जजने माइक हातात घेतला आणि आपली कारणं सांगितली, तशी पद्धतच असते. तिसरीबद्दल म्हणाला, कमरेवर जास्त भरलेली आहे. चौथीबद्दल म्हणाला, चालीला हिच्या तोडीची आज इथे कुणी नाही, पाय सुरेख आहेत, पण अंग अजून भरायचंय. हिला वेळ हवा आणि गवत हवं. कपाळाबद्दल एक शब्द नाही.

तनया हिरवी फीत घेऊन बाहेर आली. चौथ्या नंबरची फीत हिरवी असते. प्लमला खणात बांधून तिने पाणी दाखवलं, कोट काढून घडी घातली.

“काय विचारलं त्याने?” आसावरीला राहवेना.

“हे काय आहे म्हणाला. मी म्हटलं, आजीची ब्लेसिंग. तो म्हणाला, हं.”

“हं? नुसतं हं? मग त्याच्यामुळेच! माझ्यामुळेच गेला नंबर!”

“आई, त्याने रीझन दिलं ना. कंबर.”

“म्हणायला काय जातं! मनात असेल एक आणि माइकवर दुसरं.”

तनया पेंढ्यावर बसली. “इट्स ओके. डील इज डील. सोमवारी कॉलेजला ईमेल करते.” तिने ते इतक्या साधेपणाने म्हटलं की आसावरीला एखादी थप्पड परवडली असती. जे हवं होतं ते ओंजळीत पडलं होतं, आणि ओंजळ भाजत होती.

ती वळली. शेजारच्या खणाच्या पलीकडे तिसरी आलेली कालवड बांधली होती. तिच्या मालकाला विचारून आसावरीने पंजा तिच्या कमरेवर ठेवला आणि जज दाबत होता तसा दाबला. गच्च भरलेली उशी. बोटं आत जाईनात. मग परत येऊन प्लमवर ठेवला. आजवर या जनावराच्या कपाळापलीकडे तिने हात लावला नव्हता. कातडीखाली हाडाची कड लागली. पुन्हा त्या कालवडीपाशी गेली, पुन्हा प्लमपाशी आली. तनया बघत होती.

“काय करतेस?”

“रिचेकिंग,” आसावरी म्हणाली. आणि नाखुशीने, “बरोबर आहे मेल्याचं. हाड लागतं.”

“सांगितलं ना.”

“कधी भरेल ही?”

“नेक्स्ट समरपर्यंत. विंटरला नीट खायला दिलं तर. रोज चालवलं तर.”

“आणि कोण चालवणार? ग्वेनला स्वतःला चालता येत नाही.”

तनया पेंढ्याच्या काड्या मोडू लागली. काठी टेकत मागून आलेल्या ग्वेनने मुद्दाम दुसरीकडे पाहिलं. प्लमने मान वळवून आसावरीची पर्स हुंगली, कोयरीचा वास येत असावा. आसावरीच्या मनात पुन्हा सगळं एकदम सुरू झालं: वर्ष वाया गेलं तर, कॉलेजने जागा दिली नाही तर, ग्वेन गेली तर, एखाद्या वळूने पोरीला तुडवलं तर, लग्न जमलं नाही तर, पुण्यात सासूबाईंना कळलं तर. यातलं एकही कमी झालं नव्हतं. पण हाताला लागलेलं ते हाड काही केल्या जात नव्हतं.

“सोमवारी ईमेल नको करूस,” ती म्हणाली.

“मग?”

“मग काय मग? बाबांशी मी बोलते. तू मधे तोंड घालू नकोस. आणि कॉलेजला विचारायचं, जागा आणखी एक वर्ष ठेवतात का. विचारायला काय हरकत आहे?”

“आई, म्हणजे तू...”

“मी काही म्हणत नाहीये! त्याने सांगितलं, वेळ हवा. जजचं डिसिजन फायनल ना? तुझ्याच पुस्तकात आहे.”

तनया उठून तिच्या गळ्यात पडली. शेण, स्पिरिट आणि शाम्पू, सगळ्याचा एकत्र वास आला. आसावरीने तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि सवयीने कमरेपाशी दाबून पाहिलं. पोर वाळली होती.

“जेवतेस का तिथे नीट?” तिने विचारलं.

तेवढ्यात फोन वाजला. सासूबाई. “काय गं, कितवी आली आमची गोमाता?”

“चौथी,” आसावरी म्हणाली.

“अगं बाई, दृष्ट लागली शेवटी! परक्या कुणाची लागली का गं?”

आसावरीने तनयाकडे पाहिलं. तनया प्लमच्या कपाळावरची फिकट छटा ओल्या फडक्याने पुसत होती. ती जात नव्हती.

“नाही हो,” आसावरी म्हणाली. “बहुतेक माझीच.”